फोमचा क्रेफिश पंचगंगेत: नांग्या उभ्या राहतात, पण मासा टिकत नाही

काठावरचा

नमस्कार मंडळी. पावसाळा सरून पंचगंगेचं पाणी निवळलं की दर रविवारी पहाटे मी काठावर असतो. गळ टाकतोय लहानपणापासून, फ्लाय (गळावर पीस, लोकर, सूत बांधून केलेलं खोटं आमिष) बांधायचा नाद मात्र दोनच वर्षांचा. सध्या एकाच फ्लायवर अडकलोय, तिच्याबद्दल विचारायचं आहे: मऊ फोमच्या नांग्यांचा क्रेफिश.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. क्रेफिश हा गोड्या पाण्यातला, लॉब्स्टरच्या कुळातला प्राणी. भ्याला की शेपटीचा झटका मारून मागच्या मागे पळतो. म्हणून त्याची फ्लाय उलटी बांधतात: शेपूट गळाच्या कडीकडे आणि नांग्या वाकाकडे. तंगूस ओढलं की तो शेपटीच्या बाजूने पळाल्यासारखा दिसतो. कडीमागे दांडीवर शिशाचे डोळे, म्हणजे डोळ्यांसारखी शिशाची जोडगोळी, बांधले की वजनाने गळ पाण्यात उलटा होतो. टोक वर राहतं, त्यामुळे दगडात कमी अडकतं.

फोमचा खरा उपयोग फ्लाय थांबल्यावर दिसतो. जड शेपूट तळाला टेकते आणि नांग्या हलक्या असल्याने वर उचलल्या जातात. बांधावर खेकड्याला काठी दाखवली की तो कसा नांग्या उगारून उभा राहतो, हुबेहूब तसं. पिसाच्या किंवा केसाच्या नांग्या ओढ थांबली की लोळतात. काचेच्या बरणीत पहिल्यांदा त्या फोमच्या नांग्या उभ्या राहिलेल्या पाहिल्या, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं.

माझं सामान असं: 4 नंबरचा लांब दांडीचा गळ, स्टेशनरीच्या दुकानातला 2 मिलिमीटरचा फोम (मुलांच्या हस्तकलेचा), अंगाला लोकर, पायांना गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस, पाठीला फोमचीच पट्टी दुमडून. कसबा बावड्याच्या बाजूला बंधाऱ्याखालच्या खडकात तीन रविवार टाकली. पाच वेळा चांगली ओढ लागली आणि पाचही मासे हिसक्यासरशी सुटले. एक तर काठापर्यंत आला होता, तोंड उघडून गेला. शिवाय पाणी संथ असेल तिथे फ्लाय नीट तळाला बसत नाही, अधांतरी राहते. शिसं वाढवलं तर धोंड्यासारखी पडते. काय चुकतंय?

उद्यमनगरकर

पाठीच्या पट्टीला किती फोम वापरलाय? आणि टोकापासून दांडीपर्यंत मोकळी जागा किती उरते ते मोजून सांगा. अंदाजाने नको, मोजून.

काठावरचा

पट्टी दुहेरी आहे, म्हणजे 4 मिलिमीटर, खाली लोकर वेगळी. आत्ता मोजलं. टोक आणि पाठ यांच्यात जेमतेम 3 मिलिमीटर जागा आहे.

उद्यमनगरकर

मग सापडलं. गळ पाण्यात उलटा होतो, म्हणजे प्राण्याची पाठ टोकाच्या बाजूला येते. तुम्ही बरोबर त्याच जागेत फोम कोंबलाय. मासा चावतो तेव्हा दात लागतात फोमला, टोक ओठात शिरायला जागाच मिळत नाही. आमच्या कामात म्हणतात तसं, हत्यार आहे पण धार म्यानात आहे. शिवाय तोच फोम फ्लायला वर ढकलतो, म्हणून तुम्ही शिसं वाढवता. एकाच चुकीने दोन्ही दुखणी झालीत.

फोम फक्त नांग्यांना ठेवा. पाठीला दुधाच्या पिशवीची पट्टी कापून वापरा. तिची जाडी नावालाच असते, ओली झाल्यावर कवचासारखी चमकते आणि वर वाइंडिंगची बारीक तांब्याची तार पाच-सहा वेढे फिरवली की शेपटीच्या खापा दिसतात. मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात तुकडे मिळतील.

आणखी एक. डोळे बांधून झाले की गळ वाईसमध्ये (गळ पकडायच्या शिकंज्यात) उलटा धरा, टोक वर. पुढचं सगळं तसंच बांधा. पाण्यात जसं दिसणार तसं डोळ्यासमोर राहतं आणि जागा बुजली तर लगेच कळतं.

दूरदेशी

मी मूळचा गंगावेशीतला, सध्या पेनसिल्व्हेनियात. इथे सस्क्वेहाना नदीत स्मॉलमाउथ बास नावाचा मासा धरायला क्रेफिशची फ्लाय हेच माझं पहिलं हत्यार. याच नदीकाठच्या बॉब क्लाउझर यांनी कडीमागे शिशाचे डोळे बांधून गळ उलटा चालवायची पद्धत 1980च्या दशकात लोकांच्या हातात दिली. त्यांची क्लाउझर मिनो जगभर गेली. ती माशाच्या पिलाची नक्कल, पण क्रेफिशसाठीही तोच पाया.

उद्यमनगरकरांचं निदान शंभर टक्के बरोबर. त्यात भर घालतो ती नांग्यांच्या मापाची. नवीन माणूस नांग्या फार मोठ्या कापतो, कारण चित्रात क्रेफिश म्हटलं की नांग्याच दिसतात. माशाला मात्र त्या नांग्या म्हणजे चिमटा. इथे मला छोट्या, अरुंद नांग्यांच्या फ्लायवर नेहमीच जास्त मासे मिळालेत. नुकतीच कात टाकलेला, मऊ कवचाचा क्रेफिश तर मासे सोडतच नाहीत. म्हणून फ्लायही मऊ हवी. कडक फ्लाय मासा तोंडात घेतो आणि थुंकतो, मऊ असेल तर क्षणभर जास्त धरून ठेवतो. तेवढ्या वेळात हिसका देता येतो.

ओढायची रीत: टाकल्यावर तळाला बसू द्या. मनात पाच मोजा. मग वीतभर एकच झटका, परत थांबा. आम्हाला बहुतेक ओढी थांबलेल्या फ्लायवर लागतात. तंगूस नुसतं जड वाटलं तरी उचला.

नवशिक्या

छान धागा. एक शंका आहे. लाल फोम घेऊ का? सगळीकडे क्रेफिश लालभडक दिसतो.

जलचर

लाल नको. तुम्ही पाहता ते बहुतेक शिजवलेले असतात. झिंगा, खेकडा, क्रेफिश यांच्या कवचात लाल रंगद्रव्य असतंच, पण जिवंतपणी ते प्रथिनाला बांधलेलं असल्याने निळसर, हिरवट, तपकिरी दिसतं. उष्णतेने प्रथिन मोडलं की लाल उघडा पडतो. आईच्या कढईत कोळंबी कशी रंग बदलते ते आठवा. लुइझियानाकडचा एक क्रेफिश जिवंतपणीही लाल असतो, पण तो अपवाद.

आता मूळ धाग्याबद्दल. मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि मला इथे थोडं थांबवावंसं वाटतं. काठावरचा दादा, पंचगंगेत क्रेफिश नाही. पंचगंगेतच काय, भारतातल्या कुठल्याच नदीत मूळचा क्रेफिश नाही. जगात त्याच्या 600हून अधिक जाती आहेत. सर्वांत जास्त उत्तर अमेरिकेत, मग ऑस्ट्रेलियात, काही युरोपात. आशियात पाहिलं तर थेट अमूरचं खोरं, कोरिया, जपान इकडे. आपल्या भागात त्याची जागा दोघांनी घेतली आहे: झिंगा आणि गोड्या पाण्यातला खेकडा. आपला मासा या दोघांना ओळखतो.

खेकडा शेपटीचा झटका मारून पळत नाही, तो तिरका चालतो. झिंगा मात्र क्रेफिशसारखाच मागे उडी घेतो. म्हणजे तुमच्या फ्लायची चाल झिंग्याला लागू पडते, आकार मात्र बदलावा लागेल. क्रेफिशच्या मोठ्या नांग्या पायांच्या पहिल्या जोडीवर असतात आणि त्या जाड, पसरट असतात. आपल्या झिंग्याचा लांब चिमटा दुसऱ्या जोडीवर असतो आणि काडीसारखा बारीक असतो. अंग दोन्ही बाजूंनी चेपलेलं, जवळपास पारदर्शक. डोक्यावर करवतीसारखा काटा पुढे आलेला असतो. दूरदेशी म्हणतात तशी नांगी अरुंद करत गेलात तर आपोआप झिंग्याजवळ पोहोचाल.

आणखी एक कळकळीची विनंती. नमुना पाहायला म्हणून कोणी अक्वेरियमच्या दुकानातून जिवंत क्रेफिश आणला, तर तो रंकाळ्यात, कळंब्यात किंवा नदीत कधीही सोडू नका. संगमरवरी क्रेफिशची मादी नराशिवाय अंडी घालते. एकच सुटली तरी पुरे. मादागास्करमध्ये ती भाताच्या शेतांपर्यंत पसरली आहे. अमेरिकन क्रेफिशबरोबर युरोपात गेलेल्या, बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाने होणाऱ्या रोगाने तिथल्या मूळ क्रेफिशची वाताहत केली. आपल्याकडे 1952 साली तिलापिया, म्हणजे चिलापी, आणला, आज चिलापी नाही असा तलाव शोधावा लागतो. हे परत घडायला नको.

दूरदेशी

जलचर ताई, अगदी खरं. सस्क्वेहानात रस्टी क्रेफिश नावाची दुसऱ्या खोऱ्यातली जात घुसली आहे. अमेरिकेतला अमेरिकेतच हलला तरी नुकसान होतं, खंड ओलांडायची गरज नाही.

मरळप्रेमी

दादा, लई भारी चाललंय. ताईंनी सांगितलं ते आमच्या आज्याला ठाऊक होतं, फक्त शब्द वेगळे. तो म्हणायचा, मरळाला बेडूक, वांबीला गांडूळ आणि शिंगट्याला झिंगा. खेकड्याचे डेंगे मोडूनच गरीला लावायचा. डेंगे असले की मासा लांबनं बघतो, म्हणायचा.

ज्यांच्याकडं फ्लायची काठी नाही त्यांनी मागं राहू नका. माझ्याकडं नुसता कळक आहे, बारा फुटी. त्याला काठीएवढंच तंगूस, फ्लायच्या वर हातभर अंतरावर शिशाची एक गोळी. गोळी तळाला घासत जाते आणि फोमवाली फ्लाय मागं थोडी उचललेली राहते. वाहत्या पाण्यात दगडांच्या मधनं सोडत न्यायची, ओढायची गरजच नाही.

एक मात्र ऐका. बंधाऱ्याच्या तोंडाशी उभं राहू नका. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढल्यावर पाण्याचा जोर अंगावर येतो, पाय कधी निसटतो कळत नाही. आणि मरळाच्या पिल्लांचा लालसर घोळका वर दिसला तर तिथं गळ टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात. ते उचलले की घोळका संपला.

जलचर

हेच पावसाळ्याच्या सुरुवातीच्या चढणीच्या माशांनाही लागू. अंडी घालायला वर निघालेले असतात. आणि दाजीपूर-राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत, 1958पासून राखलेल्या त्या जंगलातल्या ओढ्यांत, गळ टाकायचा विचारही नको. धरणं आणि तलाव मत्स्य संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तिथे आधी विचारून जावं.

शिशाबद्दलही सांगते. ब्रिटनमध्ये हंस शिशाच्या गोळ्या गिळून मरायला लागले म्हणून 1987मध्ये गळाला लावायच्या बहुतेक मापांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्या काठावरही बगळे, पाणकावळे आहेत. गुजरीत पितळी मणी मिळतात. शिशापेक्षा थोडे हलके पडतील, पण पाठीचा फोम काढल्यावर तेवढं वजन पुरेल असं वाटतं.

इचलकरंजीची

आमचं घर यंत्रमागाचं, त्यामुळे माशांचं मला फारसं कळत नाही, सुताचं कळतं. भाऊ फ्लाय बांधतो म्हणून हा धागा वाचतेय. मूळ पोस्टमध्ये सुताचा उल्लेख कुठेच नाही आणि फोमचं अर्धं काम सुतावर आहे.

पिळाचं गोल सूत फोमवर ताणलं की सुरीसारखं चिरत जातं. नांगी दोन माशांनंतर तुटून पडते ती त्यामुळे. पीळ नसलेलं फिलामेंट घ्या, ते फोमवर पट्टीसारखं पसरतं. 140 डेनिअर बरं पडेल. (डेनिअर म्हणजे 9000 मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. आकडा वाढला की सूत जाड.) वेढे घालताना सुताला आपोआप पीळ चढतो, म्हणून अधूनमधून रीळ लोंबकळत सोडून उलट दिशेने फिरवा. पुन्हा सपाट होतं.

भावाला मी एवढंच शिकवलं: आधी दांडीवर सुताचा थर द्या, उघड्या लोखंडावर फोम फिरतो. पहिले दोन वेढे सैल, फोमला फक्त कवेत घेणारे. तिसऱ्याला हळू ताण. चौथ्याला पूर्ण. सगळा जोर पहिल्याच वेढ्यात दिला तर फोम चिरडतो. त्याच्या आत हवेच्या बंद खोल्या असतात, त्या दबल्या की तेवढा भाग तरंगायचा थांबतो. नांगी उभी राहावी म्हणून फोम घ्यायचा आणि मनगटाशीच तो मारून टाकायचा, असं होऊ नये.

चिकटवायला फेविक्विकचा थेंब चालतो, पण वाळल्यावर कडक होतो आणि तिथेच फोम मोडतो. चपला शिवणारे वापरतात ते रबराचं सोल्युशन लवचिक राहतं. टाचणीच्या टोकाने लावा.

काठावरचा

ताई, मी शिवणयंत्राचं पिळाचं सूत वापरत होतो. दोन नांग्या बरोब्बर मनगटाशी तुटल्यात. सर्वांचे मनापासून आभार. सगळं नव्याने बांधतो आणि मगच लिहितो.

काठावरचा

(तीन आठवड्यांनी)

बांधायच्या आधी एक गोष्ट केली. जलचर ताईंनी सांगितलेला चिमटा डोळ्यांनी बघायचा होता. शनिवारी रात्री प्रयाग चिखलीच्या वरच्या अंगाला, उथळ पाण्यात बॅटरी मारली. एरवी तिथे दगड आणि शेवाळ दिसतं. त्या रात्री उजेडात ठिणग्यांसारखे डोळे चमकले, जोडीजोडीने, पाच-पंचवीस तरी असतील. ओंजळीत एक धरला. अंगातून माझ्या हाताच्या रेषा दिसत होत्या. चिमटे बारीक, लांब, टोकाला किंचित काळपट. पाण्यात सोडला तर तो आधी बुडाला, मग दोन्ही चिमटे पुढे धरून माझ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि बोट हलवताच मागे उडाला. इतकी वर्षं या पाण्यात उभा राहतोय, हे कधी पाहिलं नव्हतं.

मग बांधली ती अशी. गळ तोच 4 नंबरचा. कडीमागे दोन पितळी मणी, तारेत ओवून, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे देऊन दांडीवर आडवे बसवले. गळ उलटा धरला. वाकाशी लोकरीची छोटी गोळी केली, तिच्या दोन्ही अंगांना एकेक नांगी, म्हणजे त्या आपोआप फाकतात. नांगी 3 मिलिमीटर रुंद आणि 25 मिलिमीटर लांब, मनगटाशी निमुळती, टोकाला कात्रीने बारीक चीर. आधीच्या 8 मिलिमीटर रुंद होत्या. डोळ्यांसाठी जाड तंगुसाचे तुकडे उदबत्तीजवळ धरले, टोकाला गोळी होते आणि काळी पडते. अंगाला धनगरी लोकर, घोंगडीतून निघालेली, काळी-करडी. ती पाणी पिते, त्यामुळे फ्लाय लवकर बुडते. पाठीला दुधाच्या पिशवीची पट्टी, वर तांब्याची तार. टोक ते पाठ जागा आता 8 मिलिमीटर आहे.

बरणीत टाकली. पहिली बुडाली पण नांग्या आडव्याच राहिल्या, इतका अरुंद फोम स्वतःलाच उचलत नव्हता. मनगटाचे वेढे सैल करून पाहिले, थोडा फरक पडला. मग लक्षात आलं की लोकरीची गोळी मोठी झाली होती आणि ओली होऊन नांग्यांना खाली ओढत होती. गोळी निम्मी केली. तिसऱ्या फ्लायला शेपूट तळाला टेकली आणि नांग्या साधारण पंचेचाळीस अंशात उभ्या राहिल्या. बरणीला टिचकी मारली की त्या हलतात.

रविवारी पहाटे त्याच जागी गेलो. बंधाऱ्यापासून लांब, खालच्या खडकांपाशी. दूरदेशींनी सांगितलं तसं पाच मोजत होतो. चौथ्या फेकीला तंगूस जड वाटलं, उचललं, आणि शिंगटा लागला. वीतभराहून थोडा मोठा. टोक वरच्या जबड्यात, मधोमध बसलं होतं. या महिन्यात पहिल्यांदाच गळ असा नीट बसलेला पाहिला. ओल्या फडक्यात धरून (त्याच्या बाजूच्या काट्यांपासून सांभाळा, लागला तर हात दिवसभर ठणकतो) सोडून दिला. उन्हं येईपर्यंत आणखी दोन लागले. एकच सुटला. फ्लाय एकच होती, तिच्या दोन्ही नांग्या शाबूत आहेत.

केंदाळ आलंय तिथे मात्र काही उपयोग झाला नाही. झिंगेही दिसले नाहीत. शहराच्या खाली पाण्याचा वास बदलतो तिथून पुढे मी गेलोच नाही. वरच्या अंगाला रात्री जे पाहिलं ते खाली नाही, हे मनाला लागलं.

इचलकरंजीची

तीन मासे आणि नांगी तुटली नाही, याचा मला जास्त आनंद झाला. फोम कुजत नाही म्हणून एक सांगते: अडकलेली फ्लाय शक्यतो तोडून सोडू नका.

मरळप्रेमी

अडकली तर ओढायचं न्हाई दादा. काठावरनं पलीकडच्या बाजूला जायचं आणि उलट्या दिशेनं हलकं उचलायचं. टोक वर आहे, निघते.

उद्यमनगरकर

8 मिलिमीटर जागा उत्तम. मणी ओवलेली तार दांडीवर फिरत असेल तर सांगा, बसवायला पितळेचा छोटा खाचेचा तुकडा करून देतो.

दूरदेशी

तो बारीक चिमट्याचा झिंगा मला इथे चालवून बघायचा आहे. इथल्या नदीतही उथळ पाण्यात बारीक क्रेफिश खूप असतात. मे महिन्यात कोल्हापूरला येतोय. दोन फ्लाय मिळतील का?

काठावरचा

नक्की. दोन काळपट, दोन मातकट बांधून ठेवतो. नांग्या 3 मिलिमीटरच्याच ठेवू, की तुमच्या पाण्याला 4 करू? तार थोडी फिरते आहे, उद्यमनगरकर. शुक्रवारी संध्याकाळी येतो दुकानावर.